मातीला जात नसते, पण फेऱ्या मोजणाऱ्याला असते!

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फेकलं जातं. "मग क्रिकेटच्या टीममध्येही आरक्षण ठेवा ना! ऑलिम्पिकमध्ये ठेवा!" यामागचा दावा साधा आहे. खेळाच्या मैदानाला जात नसते. जो जास्त वेगाने धावेल तो जिंकेल. तिथे फक्त मेरिट चालतं, आणि म्हणून तुम्ही मागता ते 'मेरिट मारणं' आहे.

मित्रहो, हा दावा आपण आज तपासून पाहू. त्यासाठी दावा करणाऱ्यांना सोयीचं असंच मैदान निवडू. जिथे माणूस, मशीन, माती आणि घड्याळ एवढंच असतं, पंचाच्या मर्जीला जागा नसते, गुण देणारा परीक्षक नसतो आणि जो आधी रेघ ओलांडेल तो विजेता ठरतो, असं मैदान. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरची ट्रकची शर्यत हे ते मैदान आहे.

ट्रक म्हटल्यावर आपल्या हायवेवरचा दहाचाकी ट्रक डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत 'नॅसकार' ही मोटार शर्यतींची सर्वात मोठी संस्था. १९४८ साली स्थापन झाली. तिच्या राष्ट्रीय पातळीवर तीन मालिका चालतात आणि त्यातली एक ट्रकची, १९९५ पासून. हे ट्रक म्हणजे दीड टनाच्या आसपास वजनाच्या, आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या, शर्यतीसाठीच बांधलेल्या पिकअप गाड्या. एरवी त्या डांबरी किंवा काँक्रीटच्या अंडाकृती ट्रॅकवर पळतात. पण नॅसकारचा जन्मच मुळात मातीच्या ट्रॅकवरचा. १९७० नंतर राष्ट्रीय मालिकांमधून माती हद्दपार झाली होती. ती परत आली २०१३ च्या जुलैमध्ये, ओहायो राज्यातल्या रॉसबर्गजवळच्या एल्डोरा ट्रॅकवर, आणि आली ती ट्रकच्या मालिकेतून.

एल्डोराचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण आठशे मीटरचा. चिकणमातीचा, आणि वळणांवर चांगलाच उतार दिलेला. शर्यतीआधी टँकरने पाणी मारून माती दाबून घेतात. मग गाड्या सुटतात आणि माती दर फेरीला बदलत जाते. ओल सुकते, मधली वाट काचेसारखी गुळगुळीत होते, सुटी माती उडून बाहेरच्या भिंतीलगत बांधासारखी साचते. कुणी त्या बांधाला चाक टेकवून वळण घेतो, कुणी खालून ओल शोधतो. डावीकडे वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर घसरू द्यायचा आणि स्टिअरिंग मात्र उजवीकडे धरायचं, ही या ट्रॅकची रीत. डांबरी ट्रॅकवर कोट्यवधी खर्चून हवेचा दाब गाडीवर कसा बसेल हे साधतात. मातीवर वेग कमी असल्याने त्या खर्चाचा फायदा बराच घटतो आणि हाताला, नजरेला, अंदाजाला महत्त्व येतं. म्हणजे 'शुद्ध मेरिट' कुठे दिसायचंच असेल तर ते इथे दिसायला हवं.

आणि दिसलंही! २३ जुलै २०१४ रोजी एल्डोराची दीडशे फेऱ्यांची ट्रकची शर्यत डॅरेल 'बबा' वॉलेस ज्युनिअर या विशीतल्या कृष्णवर्णीय तरुणाने जिंकली. त्याच्या मागे होता काइल लार्सन, जो लहानपणापासून मातीच्या ट्रॅकवरच वाढलेला. लार्सन भिंतीला गाडी घासत घासत वॉलेसचा पाठलाग करत होता. तरी वॉलेस हटला नाही.

आता मेरिटवाले टाळ्या वाजवतील. "बघा! मातीने रंग विचारला का?"

नाही विचारला. माती कधीच विचारत नाही. पण याच लांबीच्या, अशाच मातीच्या दुसऱ्या एका ट्रॅकवर एकावन्न वर्षांपूर्वी काय झालं तेही बघा.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडा राज्यातलं जॅक्सनव्हिल शहर. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, दोनशे फेऱ्या, नॅसकारची सर्वोच्च मालिका. शर्यतीत एकच कृष्णवर्णीय चालक होता, वेंडेल स्कॉट. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात गाड्या दुरुस्त करून आलेला, टॅक्सी चालवलेला, रात्री चोरून गावठी दारूची ने-आण करताना पोलिसांना हुलकावण्या देत गाडी चालवायला शिकलेला. त्या दिवशी त्याच्याकडे नेड जॅरेट या चालकाकडून विकत घेतलेली जुनी शेवरलेट होती. पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना त्याने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. रिचर्ड पेटी म्हणजे त्या खेळाचा पुढचा अनभिषिक्त राजा.

स्कॉटने दोनशे फेऱ्या पूर्ण केल्या, पण शर्यत संपल्याचा काळा-पांढरा चौकड्यांचा झेंडा पडला नाही. तो पळत राहिला. दोनशे एक. दोनशे दोन. मग झेंडा पडला आणि विजेता जाहीर झाला बक बेकर, जो प्रत्यक्षात दोन फेऱ्या मागे होता! बेकरने ट्रॉफी घेतली, फोटो काढले, तो निघून गेला. स्कॉटने हरकत घेतली. काही तास कागद तपासले गेले. प्रेक्षक घरी गेले, मैदान रिकामं झालं, आणि मग अधिकाऱ्यांनी मान्य केलं की हो, जिंकला स्कॉटच. कारण दिलं गेलं 'मोजण्यात चूक झाली'.

बक्षिसाची रक्कम मिळाली, ट्रॉफी नाही मिळाली. स्कॉट १९९० च्या डिसेंबरमध्ये वारला. २०१५ साली नॅसकारने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. आणि जिंकलेल्या शर्यतीची ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हातात पडली ऑगस्ट २०२१ मध्ये. जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी!

स्कॉट स्वतः सांगत असे की विजेत्याला ट्रॉफी देताना गोरी सुंदरी त्याचं चुंबन घेते, आणि काळ्या माणसाच्या गालाचं चुंबन भर मैदानात त्या गर्दीसमोर होऊ द्यायचं नव्हतं. १९६३ सालचा अमेरिकेचा दक्षिण भाग होता तो. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळही वेगळे. नळ वेगळा म्हणजे काय हे चवदार तळ्याच्या वारसांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता सांगा, मेरिट कुठे कमी पडलं? माणूस जिंकला होता, गाडी जिंकली होती, मातीने साथ दिली होती. अडलं ते फेऱ्या मोजणाऱ्यापाशी.

इथेच मेरिटच्या सगळ्या चर्चेची गोम आहे. आपण समजतो की वेग घड्याळ मोजतं. घड्याळ कुणाच्या तरी हातात असतं. फेऱ्या कुणीतरी मोजतो, झेंडा कुणीतरी खाली करतो. निकालाच्या कागदावर सही कुणाची तरी असते. तो 'कुणीतरी' कोण, कुठल्या वस्तीतून आला, त्याच्या डोळ्यांना विजेता म्हणून कोणता चेहरा पाहायची सवय आहे, यावर निकाल ठरतो. आणि 'चूक' कायम एकाच बाजूला झुकत असेल, तर ती चूक नसते, ती व्यवस्था असते.

आपल्याकडे ही व्यवस्था ओळखायला डोळे फार ताणावे लागत नाहीत. विद्यापीठातली प्राध्यापकाची राखीव जागा. उमेदवार नेट झालेला, पीएचडी झालेला, त्याचे शोधनिबंध छापलेले. मुलाखत होते आणि कागदावर शेरा येतो, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' जागा रिकामी. पुढच्या वेळी पुन्हा तेच. लेखी परीक्षेत वर असलेली पोरं तोंडी परीक्षेत खाली कशी येतात? लेखी पेपर तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडच्याला आडनाव दिसतं, गाव दिसतं, बोलीतला हेल ऐकू येतो. दोनशे फेऱ्या पूर्ण झाल्या तरी झेंडा खाली येत नाही, आणि उमेदवार पळतच राहतो.

ही झाली शेवटच्या रेघेची गोष्ट. सुरुवातीच्या रेघेची गोष्ट तर याहून मोठी आहे.

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या एका छोट्या शर्यतीच्या आयोजकांना तिकिटं खपवायची होती. काळा चालक उतरवला तर गर्दी होईल असं त्यांना वाटलं. त्यांनी पोलिसांना विचारलं, दारूच्या गाड्या पळवणाऱ्यांत सगळ्यात तरबेज काळा ड्रायव्हर कोण? पोलिसांनी नाव सांगितलं स्कॉटचं. तमाशा म्हणून बोलावलेला माणूस चालक म्हणून उभा राहिला. पण पुढे तो नॅसकारच्या शर्यतीसाठी विन्स्टन-सालेम शहरात गाडी ओढत घेऊन गेला तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला उतरू दिलं नाही. कारण फक्त रंग. नंतर कसंबसं लायसन्स मिळालं, तरी डार्लिंग्टनसारख्या मोठ्या ट्रॅकने वर्षानुवर्षं दार लावून ठेवलं.

आणि दार उघडलं तरी मशीनचं काय? मोठा प्रायोजक त्याला कधी मिळाला नाही. इतरांनी वापरून टाकलेल्या गाड्या, जुने टायर, घरची पोरं मदतीला. चालक तोच, मेकॅनिक तोच, मालक तोच. कारखान्यांचा पैसा पाठीशी असलेल्या गाड्यांशी तो असा लढला. सर्वोच्च मालिकेतल्या ४९५ शर्यतींत तो उतरला आणि १४७ वेळा पहिल्या दहांत आला. १९६६ साली वर्षभराच्या गुणांत सहावा आला. जिंकला एकदाच. आता नुसता आकडा वाचणारा म्हणेल, "पाचशे शर्यतींत एक विजय? मेरिट नव्हतं." आपल्या पोरांच्या मार्कशीटकडेही हे लोक अशाच नजरेने बघतात. कुणाच्या घरात अभ्यासाचं टेबल होतं, कुणाच्या पाठीशी क्लास होता, कोण सकाळी मजुरीला जाऊन संध्याकाळी पुस्तक उघडत होता, हे मार्कशीटवर छापलेलं नसतं.

बैलगाडा शर्यतीच्या घाटात उभं राहूनही लोक म्हणतात, बैलाला जात नसते. खरं आहे. पण शर्यतीचा बैल पोसायला चारा लागतो, चाऱ्याला जमीन लागते, आणि जमीन कुणाकडे किती हे महाराष्ट्रात कोण ठरवून गेलं ते आपल्याला ठाऊक आहे.

आता पुन्हा वॉलेसकडे येऊ. १९६३ च्या त्या विजयानंतर नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेतली पुढची शर्यत एका कृष्णवर्णीय चालकाने जिंकली ती २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, मार्टिन्सव्हिलला, ट्रकमध्ये. तो चालक वॉलेस, एल्डोराच्या नऊ महिने आधी. मधली पन्नास वर्षं अमेरिकेत गाडी चालवू शकणारा काळा माणूस जन्मलाच नाही का? जन्मले असतील हजारो. त्यांच्यापुढे सुरुवातीची रेघच कुणी आखली नाही.

ही रेघ आखली गेली २००४ मध्ये. नॅसकारने कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि आशियाई वंशाचे चालक, तसंच स्त्रिया यांना शोधून त्यांना गाड्या, प्रशिक्षण आणि टीम देणारी विविधता योजना सुरू केली. वॉलेस त्यातून पुढे आला. वडिलांचा स्वच्छतेच्या कामाचा व्यवसाय होता, त्यांनी पोराच्या छंदावर पैसा ओतला. पण एका बापाच्या खिशातून राष्ट्रीय मालिका परवडत नाही. योजनेने टीम दिली, पुढे नावाजलेल्या संघाची टोयोटा मिळाली. चांगलं मशीन हातात आल्यावर वर्षभरात निकाल समोर आला. मेरिट आधीपासून होतंच, संधीने ते फक्त मोजण्याजोगं केलं.

तरीही त्याच्या कपाळावर शिक्का काय बसला? 'विविधतेच्या कोट्यातला.' गंमत बघा. एल्डोरात त्याचा पाठलाग करणारा काइल लार्सनही त्याच योजनेतून आलेला. त्याची आई जपानी-अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यांत त्याचे आजी-आजोबाही होते. लार्सन २०२१ चा सर्वोच्च मालिकेचा अजिंक्यवीर ठरला, आणि ते योग्यच, कारण तो असामान्य चालक आहे. पण त्याच्या अजिंक्यपदाला कुणी 'कोट्याचं अजिंक्यपद' म्हणताना ऐकलंय? म्हणजे चीड योजनेची नाहीच. चीड रंगाची आहे.

याच लार्सनने २०२० च्या एप्रिलमध्ये संगणकावरच्या एका शर्यतीत काळ्या लोकांसाठीची ती शिवी सहज उच्चारली. संघाने त्याला काढलं, नॅसकारने निलंबित केलं. त्याने माफी मागितली आणि नंतर तो परतला. माणूस सुधारतो, त्याला संधी मिळावी, यात वाद नाही. पण ज्याच्या आजी-आजोबांनी छावणी पाहिली त्याच्या तोंडीही ती शिवी रुळलेली असावी, हे बाबासाहेबांच्या वाचकाला नवल वाटण्यासारखं नाही. यालाच बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वरच्याने लाथ मारली तरी आपल्याखाली कुणीतरी आहे, एवढंच समाधान माणसाला व्यवस्थेचा पहारेकरी बनवतं. आपल्या पोटजातींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

१० जून २०२० रोजी वॉलेसच्या मागणीनंतर नॅसकारने आपल्या मैदानांवर कॉन्फेडरेट झेंड्याला बंदी घातली. गुलामगिरी टिकवण्यासाठी यादवी युद्ध लढलेल्या दक्षिणी राज्यांचा तो झेंडा. त्याच दिवशी ट्रक मालिकेतल्या एका चालकाने जाहीर केलं, असं असेल तर मी खेळ सोडतो! दहा-बारा दिवसांत टॅलाडेगाच्या मैदानावर वॉलेसच्या गॅरेजमध्ये फासाच्या आकाराचा दोर सापडला. एफबीआयने तपासलं. तो दार ओढायचा दोर होता, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथेच होता, वॉलेसला लक्ष्य करण्यासाठी बांधलेला नव्हता. हे सत्य आहे आणि ते तसंच सांगायला हवं. पण दोर वॉलेसने शोधला नव्हता, तक्रारही त्याने केली नव्हती. तरी 'नाटकी', 'खोटारडा' ठरला तोच. देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे विचारलं की याने माफी मागितली का! अन्याय झाल्याची शंका आली तरी माफी पीडितानेच मागायची, हा नियम आपल्या ओळखीचा वाटतो की नाही?

२०२१ मध्ये वॉलेसने सर्वोच्च मालिकेतली पहिली शर्यत जिंकली. पावसाने ती लवकर थांबवावी लागली, म्हणून म्हणाले 'पावसाने जिंकवलं'. २०२२ मध्ये कॅन्ससला जिंकला. २०२५ मध्ये इंडियानापोलिसला जिंकला, आणि तिथेही शेवटच्या फेऱ्यांत मागे लार्सनच होता. तो ज्या संघासाठी हे सगळे विजय मिळवत होता, त्याचा एक मालक मायकल जॉर्डन. बाबासाहेबांनी आपल्याला सत्तेत वाटा मागायला शिकवलं ते याचसाठी. गाडी चालवणारा आपला असणं ही पहिली पायरी आहे. गाडीचा मालक आणि फेऱ्या मोजणारा यांतही आपण असणं ही पुढची.

हा इतिहास परका नाही. पालवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या मैदानाची देखभाल करता करता देशातले मोठे फिरकी गोलंदाज झाले. चांभार समाजातले. संघाला जिंकून द्यायला त्यांचा चेंडू चालायचा, पण चहा मिळायचा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही. ते मिळालं धाकटा भाऊ विठ्ठल याला, १९२३ साली. चेंडूला जात नव्हती, विकेटला जात नव्हती. मडक्याला होती आणि निवड समितीला होती. पुढे १९३७ मध्ये याच बाळूंना काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभं केलं. आपल्यातला एक मोठा माणूस पुढे करून बाकीच्यांचा हक्क नाकारायचा, हा डाव जुना आहे. म्हणून कुणी एक वॉलेस दाखवून "आता सगळं ठीक आहे" म्हणू लागला, तर सावध व्हा.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं उसनं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतलं. त्यामुळे तिथल्या मातीच्या ट्रॅकवरचा धडा घेण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे.

आणि एक ताजा धडा. मार्च २०२४ मध्ये लास वेगासची ट्रक शर्यत राजा कॅरुथ या तरुणाने जिंकली. स्कॉट आणि वॉलेसनंतर राष्ट्रीय मालिकेत जिंकणारा तो तिसरा कृष्णवर्णीय. हा पोरगा गाडी चालवायला शिकला घरातल्या संगणकावर, शर्यतीच्या खेळात. ट्रॅकवर जायला लागणारा पैसा नव्हता, संगणकाने तो अडसर कमी केला, मग त्याच विविधता योजनेने खरी गाडी दिली. तो शिकला ते विद्यापीठ ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं, आणि ते आहे विन्स्टन-सालेममध्ये. होय, त्याच शहरात, जिथून स्कॉटला गाडी परत ओढत न्यावी लागली होती. प्रवेशाची किंमत उतरली की मेरिट कुठून कुठून उगवतं बघा!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "खेळात आरक्षण ठेवा ना" म्हणून हसला, तर चिडू नका. त्याला जॅक्सनव्हिलची गोष्ट सांगा आणि तीन प्रश्न विचारा. सुरुवातीच्या रेघेपर्यंत कोण पोहोचू शकतो? मशीन कुणाच्या मालकीचं आहे? फेऱ्या कोण मोजतो? या तिन्हींची उत्तरं न देता जो मेरिट मेरिट करतो, तो शर्यतीबद्दल बोलत नसून मालकीबद्दल बोलत असतो.

आणि आपल्या पोरांना सांगा, नुसतं वेगात पळायला शिकून भागणार नाही. मुलाखतीच्या समितीत आपली माणसं आहेत का ते बघा. बिंदुनामावली मागा. माहितीचा अधिकार वापरून गुण मागा. रिकाम्या ठेवलेल्या जागेचं कारण लेखी मागा. स्कॉटने त्या संध्याकाळी हरकत घेतली नसती, तर आज कागदावर विजेता म्हणून बक बेकरच राहिला असता.

फेऱ्या स्वतः मोजा. हिशेब मागा.

जय भीम!